भाचा नसलेला मामा : ‘सेकंड सिस्टर’ आणि आपले फोन

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांच्या इअरफोनची एकच बाजू चालते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. जसं बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे म्हणजे’ थोडे कमी केलेत.

सुरुवातीलाच एक सूचना. आजच्या कादंबरीत एका शाळकरी मुलीची आत्महत्या आहे. मी तपशिलात जाणार नाहीये, पण विषय तोच आहे. तुम्हाला आत्ता हे नको असेल तर हा भाग खुशाल सोडा, पुढच्या भागात भेटू. आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर टेलि-मानसचा नंबर आहे १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

तर पुस्तक. नाव ‘सेकंड सिस्टर’. लेखक चान हो-केई, हाँगकाँगचे. मूळ पुस्तक चिनी भाषेत २०१७ साली आलं, आणि इंग्रजी अनुवाद जेरेमी टियांग यांनी केला, तो २०२० साली आला. मूळ चिनी नावाचा अर्थ साधारण ‘जाळ्यातली माणसं’ असा होतो. इंटरनेटचं जाळं आणि कोळ्याचं जाळं, दोन्ही. मला ते नाव इंग्रजी नावापेक्षा कितीतरी जास्त आवडलं. हे लेखक कॉम्प्युटर सायन्स शिकलेले आहेत, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेले. त्यामुळे यातलं हॅकिंग सिनेमातल्यासारखं नाहीये. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं धो धो पडतायत आणि दहा सेकंदांत ‘आय ॲम इन’, असलं काही नाही.

गुन्हेगार कोण ते मी सांगणार नाही. शपथ. पण सुरुवात सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

साल २०१५. न्गा-यी नावाची एक तरुण मुलगी, लायब्ररीत नोकरी करते. आईवडील दोघंही गेलेत. घरात ती आणि तिची शाळेत जाणारी धाकटी बहीण सिउ-मान, दोघीच. सरकारी वसाहतीतलं छोटंसं घर. मोठीने लहानपणापासून घर सांभाळलंय, धाकटीसाठी शिक्षण सोडलंय, अशा त्या दोघी. एक दिवस न्गा-यी कामावरून घरी येते तर इमारतीखाली गर्दी. सिउ-मानने आयुष्य संपवलेलं असतं.

का? तर काही महिन्यांपूर्वी मेट्रोत एका माणसाने सिउ-मानशी घाणेरडे चाळे केले होते. गाडीतल्या एका बाईंनी ते पाहिलं, आरडाओरडा केला, माणूस पकडला गेला, केस उभी राहिली. त्याने आधी ‘मी काहीच केलं नाही’ म्हटलं, नंतर कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. इथवर सगळं सरळ. आणि मग एका लोकप्रिय फोरमवर एक पोस्ट येते. लिहिणारा म्हणतो, मी त्या माणसाचा भाचा. माझ्या मामाला एका चौदा वर्षांच्या मुलीने खोटं अडकवलंय. ही मुलगी चांगली नाही, तिची संगत वाईट आहे, घरात धाक नाही. माझा मामा साधा दुकानदार माणूस, आणि तो तुरुंगात सडतोय.

झालं. पोस्ट पसरते. लोक मुलीचं नाव शोधतात, फोटो शोधतात, शाळा शोधतात. पेपरवाले येतात. शाळेत कुजबुज सुरू होते. आणि मे महिन्यात ती मुलगी जाते.

मग न्गा-यी एका खासगी डिटेक्टिव्हकडे जाते. तिला फक्त एवढंच हवं असतं की त्या भाच्याला समोर उभं करून विचारायचं, ‘तू असं का केलंस?’ डिटेक्टिव्ह चौकशी करतो आणि परत येऊन सांगतो, त्या माणसाला भाचाच नाही.

पुस्तकाची खरी सुरुवात इथे होते. मला वाचताना इथे पहिला झटका बसला, पण तो ट्विस्टमुळे नाही. हजारो लोकांनी ती पोस्ट वाचली, पुढे ढकलली, त्यावर ‘शाब्बास मित्रा, मामासाठी उभा राहिलास’ छापाचं लिहिलं. त्यातल्या एकालाही असं वाटलं नाही की आधी बघावं, या माणसाला बहीण तरी आहे का? आणि हे शोधायला काही सायबर एक्सपर्ट लागत नाही. डिटेक्टिव्हने जुन्या पद्धतीने, माणसं विचारून शोधलं. म्हणजे खोटं किती कच्चं होतं बघा. ते टिकलं कारण पोस्टमध्ये गोष्ट होती. गरीब बिचारा मामा, चलाख मुलगी, निष्ठावान भाचा. सिनेमाचं पोस्टरच. या गोष्टीपुढे कोर्टातला कबुलीजबाब फिका पडला.

पुस्तकाचं म्हणणं मला असं दिसतं. ट्रोलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिव्या येतात, कमेंट्समधला चिखल येतो. इथे सगळ्यात जास्त मारणारी पोस्ट सभ्य आहे. शुद्ध भाषेत आहे. ती न्याय मागते. आणि न्याय मागतेय म्हणूनच शेअर करणाऱ्या प्रत्येकाला आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटतं.

आता एन. हो, नावच एन, एवढंच इंग्रजी अक्षर. तो पहिला डिटेक्टिव्ह हात वर करतो आणि न्गा-यीला याच्याकडे पाठवतो. एन राहतो एका पडक्या इमारतीत, घरात उकिरडा, स्वभाव त्याहून वाईट. शेरलॉक होम्सचा उद्धटपणा घ्या, त्यातला ड्रेसिंग गाऊन काढून टाका आणि महिनाभर न धुतलेला टी-शर्ट घाला. तो आधी केस घ्यायला नाहीच म्हणतो, कारण त्याला ती कंटाळवाणी वाटते. शेवटी तयार होतो आणि फी सांगतो. तो आकडा ऐकून न्गा-यी गार पडते, कारण तिच्या बँक खात्यात नेमके तेवढेच पैसे असतात. पार सेंटपर्यंत तेवढेच.

काय झालंय ते लक्षात आलं का? केस सुरू व्हायच्या आधी पहिली घुसखोरी झालीये ती स्वतः अशिलाच्या आयुष्यात. जिच्या बहिणीचं खासगी आयुष्य उघड्यावर आणलं म्हणून ती न्याय मागायला आलीये, तिचंच खातं हा माणूस उघडून बसलाय. आणि आपण वाचक काय करतो? आपल्याला भारी वाटतं. ‘काय माणूस आहे यार!’ असं होतं. हे मनात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

पुढची बरीच पानं एन न्गा-यीला, म्हणजे आपल्याला, शिकवत जातो. न्गा-यी इंटरनेटच्या बाबतीत अगदी नवखी आहे, त्यामुळे लेखकाला सगळं समजावून सांगायचं निमित्त मिळतं. आयपी ॲड्रेस म्हणजे काय, बेनामी खातं म्हणजे काय, फुकट वाय-फायमध्ये धोका कुठे असतो. काही श्रोते म्हणतील हे आम्हाला माहितीये. थांबा जरा. वाय-फायचंच घ्या. तुम्ही कधीतरी एखाद्या कॅफेत किंवा स्टेशनवर फोन जोडला होता. फोनने ते नाव लक्षात ठेवलं. आता त्याच नावाचं, पासवर्ड नसलेलं नेटवर्क कुणी दुसरीकडे सुरू केलं, तर बरेचसे फोन तुम्हाला न विचारता त्याला जाऊन चिकटतात. फोन नाव बघतो, ते कोण चालवतंय ते बघत नाही. २०१५ पेक्षा आज परिस्थिती बरी आहे, कारण बहुतेक साइट्स आणि ॲप्सचा मजकूर आता कुलूपबंद होऊन जातो. तरीही तुम्ही कुठल्या साइटवर गेलात याचा बराचसा अंदाज मधल्या माणसाला येतो, आणि खोटं लॉगिन पान दाखवून पासवर्ड मागणं तर अजूनही जोरात सुरू आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन जुनी नेटवर्क्स ‘फर्गेट’ करायला दोन मिनिटं लागतात. आत्ता नको, एपिसोड संपल्यावर करा.

फोटोंचंही तसंच. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन सुरू असेल तर जागासुद्धा लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण ‘क्वालिटी खराब होते’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं जातं. हे अनेकांना माहीत नसतं. घराचा पत्ता कुणाला सांगणार नाही म्हणणारी माणसं गॅलरीतल्या गुलाबाबरोबर पत्ता पाठवून मोकळी होतात.

पण मला पुस्तकातला तांत्रिक भाग दुय्यम वाटला. थरार दुसरीकडे आहे. एन आणि न्गा-यी सिउ-मानच्या शाळेत जातात, वर्गातल्या मुलींशी बोलतात, शिक्षकांशी बोलतात. आणि हळूहळू न्गा-यीला कळत जातं की आपली बहीण आपल्याला माहीतच नव्हती. तिच्या मैत्रिणी कोण, ती कुणावर रुसली होती, तिला काय आवडायचं, काहीच नाही. त्याच वेळी असंही दिसतं की ज्याने पोस्ट लिहिली त्याला मात्र सिउ-मानबद्दल बरंच काही माहीत होतं. खोट्यात मिसळलेले खऱ्याचे तुकडे होते. ते तुकडे कुठून आले? कुणीतरी दिले. कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये न घुसता.

इथे मला माझ्या मावसबहिणीची गोष्ट आठवली. बारावीला आहे. मागच्या वर्षी तिच्या क्लासच्या ग्रुपवर तिच्याच चॅटचा स्क्रीनशॉट फिरला. एका मैत्रिणीला तिने रात्री अकरा वाजता वैतागून काहीतरी लिहिलं होतं, एका मुलाबद्दल आणि एका सरांबद्दल. सकाळी क्लासला पोचली तर सगळे बघून हसतायत. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. क्लासचं नाव घेत नाही, तिलाही ते नकोय. तिने मला फोन केला आणि पहिला प्रश्न काय विचारावा? ‘ताई, माझा फोन हॅक झाला असेल का गं?’ अख्खा दिवस ती पासवर्ड बदलत बसली होती. मैत्रिणीनेच पाठवलं असेल हा विचार तिच्या मनाला शिवतच नव्हता. आणि मला जाणवलं की हॅकर असणं तिला परवडलं असतं. हॅकर परका असतो.

व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद जातात, मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, हे खरं आहे. पण दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला असतो आणि त्याच्या फोनला पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण असतं. दोन्ही एकदम दाबली की झालं.

बरं, कादंबरीत याला समांतर एक दुसरं कथानक चालू आहे. एक छोटी टेक कंपनी, चारपाच माणसं, एक वेबसाइट चालवतात. तिथे लोक गप्पा, बातम्या, कुणाची तरी भानगड, हे सगळं आभासी पैशांत विकतात आणि विकत घेतात. मागणी जास्त तर किंमत जास्त. एक मोठा गुंतवणूकदार रस दाखवतो, आणि कंपनीतला एक महत्त्वाकांक्षी माणूस त्याच्यापुढे गोंडा घोळायला लागतो. पहिली शंभर पानं वाटतं, हे कशाला मध्ये? पण थांबा. एका घरात मुलगी गेलीये ती कुजबुजीमुळे, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मीटिंगमध्ये कुजबुजीचा शेअरबाजार कसा वाढवायचा याचं प्रेझेंटेशन चालू आहे.

हे लेखकाने हवेतून काढलेलं नाही. हाँगकाँगमध्ये ‘ऑक्टोपस’ नावाचं कार्ड आहे, १९९७ पासून. मेट्रो, बस, दुकान, सगळीकडे टॅप करायचं. सिउ-मानसारखी कुठलीही मुलगी मेट्रोत शिरताना तेच कार्ड टेकवते. २०१० साली उघड झालं की या कार्डाच्या बक्षीस योजनेत नाव नोंदवलेल्या जवळजवळ २० लाख ग्राहकांची माहिती सहा कंपन्यांना दिली गेली आणि त्यातून ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर कमावले गेले. आधी इन्कार, मग कबुली, मग मुख्य अधिकाऱ्यांचा राजीनामा. शहराची लोकसंख्या तेव्हा सत्तर लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण दर साडेतीन माणसांमागे एकाची माहिती. त्यानंतर २०१२ मध्ये तिथला कायदा बदलला.

आणि त्याआधी, २००८. एका प्रसिद्ध नटाने लॅपटॉप दुरुस्तीला दिला. त्यातले खासगी फोटो दुकानातल्या तंत्रज्ञाच्या हाती लागले आणि तिथून इंटरनेटवर पसरले. एडिसन चेन प्रकरण म्हणून ते जगभर गाजलं. तंत्रज्ञाला पुढे साडेआठ महिन्यांची शिक्षा झाली. फोटोंमधल्या बायकांची नावं मी घेत नाही, त्यांनी पुरेसं भोगलंय. त्यांचे फोटो चोरीला गेले होते, आणि कॅमेऱ्यांपुढे येऊन माफी मागायची वेळ त्यांच्यातल्याही काहींवर आली. हाँगकाँगची जी पिढी हे बघत मोठी झाली, त्याच पिढीचा वाचक या कादंबरीसमोर बसला होता.

चिनी भाषेत या गर्दीच्या शोधमोहिमेला एक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘मानवी मांसाचा शोध’. एखाद्याचं नाव, पत्ता, शाळा, आईवडील सगळं मिळून खणून काढायचं. पहिल्यांदा ऐकल्यावर अंगावर काटा येतो. पण गंमत म्हणजे हा शब्द कौतुकानेही वापरला जातो. प्राण्यांना छळणारा शोधला, भ्रष्ट अधिकारी शोधला. चांगल्या कामासाठी मांस शोधलं की कुणाची हरकत नसते.

आणि आता मघाशी राहिलेल्या मुद्द्याकडे येते. एनची फी.

या कादंबरीत एन जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात घुसतो. संशयित मुलींच्या फोनमध्ये, त्यांच्या खात्यांमध्ये, साक्षीदारांच्या मेसेजेसमध्ये. तो खोटी ओळख सांगतो, खोटे मेसेज पाठवतो. यातल्या बऱ्याच मुली पंधरा-सोळा वर्षांच्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकींनी काहीही केलेलं नाही. आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की वाचकाला मजा येते. लेखक तशी लिहितोच ती पानं, टाळी घेणारी. कारण आपल्याला माहितीये की आपण चांगल्या बाजूला आहोत. आपल्याला सिउ-मानसाठी न्याय हवाय.

पण ती पोस्ट शेअर करणाऱ्यांनाही हेच वाटत होतं ना? त्यांनाही मामासाठी न्याय हवा होता.

मी या कादंबरीला साध्या ‘सोशल मीडिया वाईट’ छापाच्या पुस्तकांपेक्षा वर ठेवते ते या एका गोष्टीसाठी. ती वाचकाला कोपऱ्यात बसवून उपदेश करत नाही. ती तुम्हाला एनच्या बाजूने टाळ्या वाजवू देते, आणि तुम्ही पान उलटताना कधीतरी स्वतःच ओळखता की हा आवाज आपण पहिल्या प्रकरणातही ऐकला होता. प्रायव्हसी हवी असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला ती आपल्यासाठी आणि आपण निर्दोष ठरवलेल्या माणसांसाठी हवी असते. ज्याच्यावर आपला संशय आहे त्याचा फोन उघडला तर आपण म्हणतो, ‘लपवायला काही नसेल तर घाबरतोय कशाला?’

मग उपाय काय, पोलिस? न्गा-यीला पोलिसांकडून फारसं काही मिळत नाही, कारण ती पोस्ट लिहिणं हाच मुळात गुन्हा ठरवणं अवघड असतं. पुस्तक आल्यानंतर दोन वर्षांनी, २०१९ च्या आंदोलनात, हाँगकाँगमध्ये हाच प्रकार राजकीय हत्यार झाला. पोलिसांचे पत्ते, त्यांच्या मुलांच्या शाळा, तसेच आंदोलकांची आणि पत्रकारांची खासगी माहिती, दोन्हीकडून उघडी केली गेली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे नवा कायदा लागू झाला. एखाद्याला त्रास द्यायच्या हेतूने त्याची खासगी माहिती उघड केली आणि त्याला खरंच इजा झाली, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि दहा लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड. ऐकायला छान वाटतं. पण हा कायदा येताना मोठमोठ्या टेक कंपन्यांच्या संघटनेने लेखी चिंता व्यक्त केली होती, की शब्द इतके सैल आहेत की निरपराध पोस्टही यात सापडतील.

सैल शब्दांचं काय होतं हे आपल्याकडे बघायला फार लांब जायला नको. पालघर. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. लाइक करणारीलाही. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. या कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ असे शब्द होते, म्हणजे कुणाला काहीही खटकलं तर चालेल. श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ते कलम पूर्ण रद्द केलं. कादंबरीतली सिउ-मान जाते ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात. मी या दोन तारखा वहीत शेजारी शेजारी लिहिल्या आणि बराच वेळ बघत बसले. एकीकडे कायदा नाही म्हणून मुलगी एकटी पडते, दुसरीकडे कायदा आहे आणि तो मुलींनाच उचलून नेतो.

आज भारतात ऑनलाइन पाठलाग, परवानगीशिवाय खासगी फोटो काढणं-पसरवणं, धमक्या, खंडणी यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलंय. असं काही तुमच्याबाबत किंवा ओळखीतल्या कुणाबाबत घडलं तर चिडून लगेच डिलीट करू नका, करायला लावूही नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ दिसली पाहिजे. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तो यात गोंधळू नका. वय अठराच्या आत असेल तर १०९८. आणि घरी सांगायची भीती वाटत असेल तर एखादी ताई, एखादा दादा, आत्या, मामा, कुणीतरी एक माणूस पकडा. खरा मामा.

माझ्या मावसबहिणीने तक्रार केली नाही. क्लास बदलला. मावशी सरांना भेटायला गेली होती, तेव्हा ते म्हणाले, ‘मुलांनी मोबाईल जपून वापरायला हवा.’ त्या मैत्रिणीशी ती आता बोलते की नाही, मी विचारलेलं नाही. विचारायचा मला हक्क आहे का, हेही ठरत नाहीये.

कादंबरीकडे येते, कारण अजून एक मोठी गोष्ट राहिली. गुन्हेगार सापडल्यावर हे पुस्तक संपत नाही. बऱ्याच थ्रिलरमध्ये नाव कळलं की पडदा पडतो. इथे नाव कळतं तेव्हा चांगली जाडजूड शिल्लक उरलेली असते. कारण एन न्गा-यीला विचारतो, आता काय करायचं? सूड हवाय? आणि सूडासाठी त्याच्याकडे जी हत्यारं आहेत ती तीच आहेत, ज्यांनी सिउ-मानला मारलं. खोटी ओळख, पाळत, एखाद्याच्या मनात हळूहळू विष सोडणं, त्याला एकटं पाडणं. न्गा-यी काय ठरवते ते सांगणार नाही. पण तिने हो म्हणावं असं मला काही पानं अगदी मनापासून वाटत होतं, आणि समोरच्या माणसाचं वय, त्याचं घर, त्याची भीती दिसायला लागली तशी ती पानं वाचणं जड होत गेलं. रात्री दीड वाजता पुस्तक मिटून मी पाणी प्यायला उठले, आणि परत येऊन संपवूनच झोपले. ते काही जेवता जेवता संपवायचं प्रकरण नाही.

आता तक्रारी. सगळं गोड गोड बोलले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. इंग्रजीत जवळजवळ पाचशे पानं आहेत, आणि त्यातली शंभरेक सहज कापता आली असती. एन बोलायला लागला की कधीकधी पॉवरपॉइंट सुरू झाल्यासारखं वाटतं. त्याला अशक्य असं काहीच नाही, हीपण अडचण आहे. एवढ्या सगळ्यांच्या एवढ्या सगळ्या गोष्टी इतक्या सहज कशा हाती लागतात, असं दोनतीनदा वाटलंच. आणि न्गा-यी, जी पहिल्या पन्नास पानांत इतकी जिवंत आहे, ती मधल्या भागात बरीचशी ‘म्हणजे काय?’ विचारायच्या कामावर ठेवलेली आहे. लेखकाने तिला शेवटी तिची जागा परत दिलीये, पण उशिरा.

पण ती पहिली पन्नास पानं! एका गरीब घराचा हिशोब. वडील गोदीतल्या अपघातात जातात, भरपाईची टाळाटाळ होते, आई राबते, मग आजारी पडते, मग मोठी राबते. त्यात कुठेही इंटरनेट नाही. आणि तरी मला वाटतं पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे, कारण त्या पोस्टमधलं एक वाक्य, घरात धाक नाही वगैरे, ते नेमकं याच घराबद्दल आहे. आपण ते घर बघून आलेलो असतो. शेअर करणाऱ्यांनी बघितलेलं नसतं.

चान हो-केई यांचं याआधीचं पुस्तक ‘द बॉरोड’, हाँगकाँगच्या पोलिस इतिहासावर उलट्या क्रमाने सांगितलेल्या सहा कथा, तेही मिळालं तर वाचा. रहस्यकथा म्हणून ते जास्त घट्ट आहे. त्याचे सिनेमाचे हक्क वाँग कार-वाई यांनी घेतले होते. ‘सेकंड सिस्टर’ जास्त विस्कळीत आहे आणि जास्त दिवस डोक्यात राहतं.

मराठीत असं काही आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. शाळा-कॉलेजमधला मोबाईल, ग्रुप, स्क्रीनशॉट, हे सगळं केंद्रस्थानी ठेवून लिहिलेली चांगली मराठी थ्रिलर तुमच्या वाचनात आली असेल तर नाव कळवा, मला खरंच हवीये. पुढच्या भागात दुसरं पुस्तक, यापेक्षा बरंच हलकं, प्रॉमिस. तोवर ते वाय-फाय ‘फर्गेट’ करायचं राहिलंय तुमचं. चला, भेटू.